दोन आयन आणि एक निरोप

नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोन ठेवताना धाकटा म्हणाला, "जातो, आजी," आणि मागून तुमच्या आईचा आवाज आला, "जातो नाही, येतो म्हण." त्यावर मोठीने विचारलं, "तो झोपायला चाललाय, मग येतो कशाला म्हणायचं?" आई म्हणाली, "आजीला विचार."

मी तेव्हा थोडक्यात सांगितलं. आपल्याकडे निरोप घेताना 'जाते' म्हणत नाहीत. जाणं बोलून दाखवायचं नसतं, म्हणून निघणारा माणूस 'येतो' म्हणतो आणि घरातली माणसं 'ये' म्हणतात. मोठीला ते काही पटलं नाही. "मग जो खरंच येणार असतो तो काय म्हणतो?" असं तिने विचारलं आणि मला एक दुपार आठवली. याच प्रश्नापायी आमच्या घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. मोठी तेव्हा आईच्या पोटात होती.

तुमची आई ती हकीकत तुम्हाला इंग्रजीत सांगते, ते मी ऐकलं आहे. तिच्या सांगण्यात लेसर येतात, आयन येतात, 'येते' मात्र येत नाही. इंग्रजीत ते आणता येत नाही. मी सारी नोकरी कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात घालवली, मलाही ते जमलेलं नाही. म्हणून हे मराठीत लिहिते आहे, आणि मला सगळं नीट आठवतंय तोवर लिहिते आहे. तुम्हाला वाचायला जड जाईल. आईला मोठ्याने वाचायला लावा. मध्ये ती "असं नव्हतं हं" म्हणेल, तेव्हा तिला पुढे वाचायला सांगा.

तर, तुमची आई त्या वेळी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत होती. तुमचे बाबा परदेशी नोकरीवर रुजू झाले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीने ती नाशिकला आमच्याकडे आली आणि आल्या आल्या तिचं ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टरीणबाईंनी मीठ कमी केलं, जिने बंद केले, डाव्या कुशीवर झोपून राहायला सांगितलं आणि लॅपटॉपकडे बघायला मनाई केली. "तुझ्या आणि बाळाच्या जिवाशी गाठ आहे," हे त्यांनी मला बाजूला घेऊन न सांगता तिलाच तोंडावर सांगितलं, ते बरं केलं.

ती झोपली. तिचं पुण्यातलं काम झोपायला तयार नव्हतं.

ते काम मी तिच्याकडून इतक्यांदा समजून घेतलं आहे, की आता मला सांगता येतं. अणूतला एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की उरतो तो आयन. आयनाला विजेच्या क्षेत्रात अधांतरी धरून ठेवता येतं आणि लेसरचा प्रकाश टाकून शांत करता येतं. पुण्याच्या त्या खोलीत दोन टेबलांवर दोन पोलादी भांडी होती, आतली हवा काढून घेतलेली. प्रत्येक भांड्यात एकच आयन. कॅमेऱ्यातून पाहिलं तर काळ्या चौकटीत एक निळसर ठिपका दिसायचा. कामाच्या नावाखाली आपली मुलगी दिवसभर एका ठिपक्याकडे बघते, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तुमचे आजोबा म्हणाले होते, "आम्ही टीव्हीकडे बघतो तर तुला चालत नाही."

पहिल्या आयनाची अवस्था दुसऱ्या आयनात उतरवायची, हा तो प्रयोग. शाळेतली मुलं तुम्हाला सांगतील की टेलिपोर्टेशन म्हणजे माणूस इथे गायब आणि तिथे हजर. तसं काही नसतं. आयन आपापल्या भांड्यातच राहतात. जाते ती अवस्था.

"म्हणजे निरांजनावरून निरांजन लावतात तसं?" मी तिला विचारलं होतं.

"नाही गं आई. तिथे दोन्ही तेवत राहतात. इथे दुसरं लागतं तेव्हा पहिलं विझलेलं असतं. या अवस्थेची दुसरी प्रत काढता येत नाही."

"मग तेल?"

"तेल जागच्या जागी. फक्त ज्योत जाते."

यात दोन पायऱ्या असतात. आधी दोन्ही आयन प्रकाशाचा एकेक कण सोडतात आणि ते कण मध्ये एका ठिकाणी भेटतात. भेट हवी तशी झाली तर त्या दोन आयनांत एक नातं जुळतं. बहुतेक वेळा ती भेट फुकट जाते. मग पहिला आयन मोजायचा. मोजताक्षणी त्याची स्वतःची अवस्था मोडते. मोजणीत काय आलं तो निरोप साध्या तारेवरून दुसऱ्याकडे पाठवायचा, आणि त्या निरोपाप्रमाणे दुसऱ्याला थोडं फिरवायचं, की पहिल्याची अवस्था त्याच्यात आली. तो साधा निरोप पोचला नाही, तर दुसऱ्याकडे जे आलं आहे त्याचा काही उपयोग नाही. निरोपावर सगळं अडून असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता तिची अडचण सांगते. नुसत्या साध्या निरोपांवरून अंदाजाने दुसरा आयन पहिल्यासारखा करायचा म्हटला, तर तो जास्तीत जास्त तीनात दोन इतकाच जुळतो. त्याच्या वर गेलात तरच टेलिपोर्टेशन झालं म्हणायचं. आई त्याला 'रेघ' म्हणायची. तिचा आकडा रेघेच्या किंचित वर येऊन लोंबकळत होता आणि खात्रीने 'वर' म्हणायला अजून बऱ्याच यशस्वी भेटी हव्या होत्या. आणि बुधवारी ती भांडी उघडली जाणार होती. संस्था नव्या इमारतीत जाणार होती. एकदा आत हवा शिरली की पुन्हा तितकं निर्वात करायला कित्येक महिने लागतात, आणि तिची तिथली मुदत त्याच महिन्यात संपत होती. बुधवारपर्यंत जमलं तर जमलं, नाहीतर इतक्या वर्षांचं काम 'बहुतेक झालं असावं' म्हणून सोडून द्यायचं.

लॅपटॉप बघायचा नाही म्हटल्यावर तिने एक तोड काढली. माझ्या लग्नातली, नाव कोरलेली एक स्टीलची वाटी घेतली, चमच्याने वाजवली आणि तो आवाज फोनवर टिपून घेतला. पुण्यात भेट जमली की आमच्या दिवाणखान्यातल्या लॅपटॉपवर ती वाटी वाजायची. टण्ण.

"बघू नकोस म्हणाल्या डॉक्टर," ती मला म्हणाली. "ऐकू नकोस असं नाही म्हणाल्या."

मग आमचं घर त्या वाटीवर चालू लागलं. कधी दहा मिनिटांनी वाजे, कधी अर्धा तास नाही. भाजी निवडताना माझा हात थांबायचा. आजोबा पेपर खाली करायचे. वाजली की आतल्या खोलीतून कूस बदलल्याचा आवाज यायचा.

पुण्यात यंत्रांजवळ एकच जण होती. मनमाडची एक विद्यार्थिनी, वडील रेल्वेत. ती तुमच्या आईला ताई म्हणायची आणि मला काकू. सकाळी ती लेसर ताळ्यावर आणायची, दिवसभर लक्ष ठेवायची, जेवायखायला मेसमध्ये जाऊन परत यायची. लेसरचा रंग केसभर सरकला किंवा आयन निसटला, तर तिथे हात लावायला माणूस लागायचा. ते नाशिकहून होण्यासारखं नव्हतं.

बुधवारच्या आधीच्या रविवारी सकाळी वाटी छान वाजत होती. फोनवर त्या मुलीचा मेसेज आला. आईने तो मला वाचून दाखवला: "ताई, दोन्ही ठिपके मस्त आहेत, लेसर जागेवर आहेत. येते."

"नाश्त्याला गेली वाटतं," आई म्हणाली.

जेवणं होईपर्यंत वाटी वाजत होती. मग थांबली. पिंपळगावहून आलेली द्राक्षं आजोबा मिठाच्या पाण्यात धूत होते.

"वाटी आज उपाशी दिसतेय," ते म्हणाले.

थोड्या वेळाने आतून हाक आली. "बाबा, जरा बघा ना. लॅपटॉपवर ठिपके किती दिसतात?"

आजोबा हात पुसत लॅपटॉपपाशी गेले. "एक."

"चष्मा लावून बघा."

"लावलाय. डावीकडे ठिपका आहे. उजवीकडे काळोख."

तिने मनमाडच्या मुलीला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. सरांना लावला, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांना. तिथे नुसती रिंग वाजत राहिली. बाकीची मंडळी सुट्टीला जोडून गावी गेली होती.

"येते म्हणाली होती," आई म्हणत राहिली. "कधीच यायला हवी होती. रस्त्यात काही झालं तर नाही ना?"

मी तिचं ब्लडप्रेशर घेतलं. यंत्राचा पट्टा फुगत असताना ती छताकडे बघत होती. आकडा मी तिला सांगितला नाही. तिने विचारलाही नाही. पट्टा सोडून ती उठून बसली.

"बाबा, गाडी काढा. पुण्याला जायचंय."

आजोबांनी खुंटीवरची किल्ली काढली, स्वेटरच्या खिशात टाकली आणि परत द्राक्षांपाशी जाऊन बसले.

"पुणं काही पळून जात नाही," ते म्हणाले.

"बुधवारी जातं, बाबा."

"सिन्नर, संगमनेर, पुढे चंदनापुरीचा घाट. रविवारची गर्दी. तुझे पाय बघ आधी."

तिच्या पायांना सूज होती. तिने फोनवरून भाड्याची गाडी बोलावली. मी समजावलं, मग दरडावलं. ती ऐकत होती आणि आवरत होती. तिच्या चपला पायात जाईनात, तेव्हा तिने आजोबांच्या घातल्या. पोटावर शाल घट्ट गुंडाळली. दाराची कडी काढली. खाली हॉर्न वाजला.

"जाते मी," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मला त्या क्षणी तिला अडवायचं होतं, दारात आडवं पडायचं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. लहानपणापासून जिभेवर बसलेलं. "जाते म्हणू नये गं. येते म्हणावं."

ती चिडून वळली. काही बोलणार होती. मग तिचा चेहरा थिजला.

"काय म्हणालीस?"

"येते म्हणावं निघताना."

तिने फोन काढला आणि तो मेसेज पुन्हा वाचला. मग फोन माझ्या हातात दिला. 'येते.' पुढे पूर्णविराम. 'आलेच' नाही, 'येतेय' नाही, 'जाऊन येते' नाही. वर्गात एखाद्या पोराने असा पेपर लिहिला असता तर मी समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं.

"ती नाश्त्याला गेलीच नव्हती, आई," ती म्हणाली. "ती निघून गेलीय. सकाळपासून तिथे कुणीच नाहीये."

मराठीत निरोप आला असंही म्हणतात आणि निरोप घेतला असंही म्हणतात. त्या मुलीने निरोप घेतला होता. तुमच्या आईने निरोप आला असं समजून दिवस काढला होता.

ती दाराजवळच्या चपलांच्या स्टुलावर बसली. आजोबा खाली जाऊन गाडीवाल्याला काहीतरी देऊन परतवून आले. इतक्यात फोन लागला. मी स्पीकर चालू केला. मागे आगगाडीचा खडखडाट.

"हॅलो, ताई? गाडीत आहे मी, गाडी लेट होती, दुपारी सुटली. इकडं रेंज लय जाते-येते."

"कुठे निघालीस?"

"मनमाडला. मोठ्या बहिणीचा साखरपुडा नाही का उद्या सकाळी? मंगळवारी परत येणार ना मी. सरांनी सांगितलं नाय तुम्हाला? सर बोलले, मी सांगतो तिला, तू नीघ."

आईने डोळे मिटले. "दुसरा आयन गेलाय गं."

"ताई, दौंड आलंय," मुलगी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "उतरते मी. उलटी गाडी मिळंल. संध्याकाळपर्यंत लॅबला पोचते."

मी तुमच्या आईकडे बघत होते. एक 'हो' म्हटलं की काम होत होतं. ती मुलगी उतरली असती आणि कधी बोलूनही दाखवलं नसतं. पोटावरच्या शालीचं टोक आई बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मला वाटलं, ही 'हो' म्हणणार. म्हटलं असतं तर मी काही बोलू शकले नसते, कारण ती स्वतः मिनिटभरापूर्वी याहून मोठं काही पणाला लावून दारात उभी होती.

"उतरू नकोस," ती म्हणाली. "ये तू."

"येऊ ना? मग उतरते."

"अगं नको. ये म्हणजे..." तिने कपाळाला हात लावला. "जा. मनमाडला जा. जा म्हणतेय मी तुला. कळलं?"

"जा?"

"हो, जा."

"आणि बुधवार?"

"तो मी बघते."

निघालेल्या माणसाला इतकं उघडं 'जा' म्हटलेलं आमच्याकडे मी पहिल्यांदा ऐकलं. आजोबांनी तिच्या पायातल्या आपल्या चपला काढून घेतल्या. ती मुकाट्याने आत जाऊन डाव्या कुशीवर झोपली. फोन मला धरायला सांगितला आणि म्हणाली, "सर उचलेपर्यंत लावत राहा."

सरांनी कितव्या तरी वेळी उचलला. आवाजात झोप होती. "अगं, घरी पाहुणे होते. पुरणपोळ्या झाल्या. काय म्हणतेस?"

"सर, तुम्ही मला काहीतरी सांगणार होतात."

"मी? काय?" तिकडे पलंग करकरला. मग, "अरे देवा. तिचा साखरपुडा."

"तिचा नाही, तिच्या बहिणीचा. आणि आपला आयन गेला."

सर लॅबमध्ये पोचेपर्यंत सगळ्यात लांब वेळ गेला. मी पुन्हा ब्लडप्रेशर घेतलं. आकडा खाली आला नव्हता. मी तिला म्हटलं, याहून वर गेला तर फोन बंद आणि आपण दवाखान्यात. "कबूल," ती म्हणाली. पहिल्यांदाच ती एका दमात कबूल झाली होती.

मग सरांचा फोन आला. त्या प्रयोगशाळेतला पहिला सापळा, म्हणजे भांड्यात आयन धरून ठेवणारी रचना, त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेला होता, पण कित्येक वर्षांत त्यांनी घुंडीला हात लावला नव्हता. तुमची आई डोळे मिटून बोलत होती, मी फोन तिच्या तोंडाशी धरला होता, आजोबा बाहेर लॅपटॉपसमोर.

"सर, आधी छोटी भट्टी लावा." त्या भट्टीत धातूचा कण तापवतात, म्हणजे त्यातून थोडे अणू उडतात आणि एखादा सापळ्यात सापडतो.

"लावली. आता लेसर. डावीकडची घुंडी म्हणालीस, ती माझी डावी की तुझी?"

"सर, मी नाशिकला पलंगावर आहे. माझी डावी काय कामाची? दाराकडे पाठ करा."

"केली."

"आता डावी. हळू. अजून हळू. कणीक तिंबत नाही आहोत आपण."

"अगं, घुंडी घट्ट झालीय जरा."

"असू दे. श्वास सोडा आणि मग फिरवा."

बाहेरून आजोबांचा आवाज येत होता. "काळोख." मग, "काळोखच." माझा हात फोन धरून भरून आला होता.

"काहीतरी लुकलुकलं. गेलं." आजोबा म्हणाले. "आता परत. थांबलाय. ठिपका थांबलाय."

सरांनाही तिकडे दिसलं असणार. तरी कुणी हुश्श केलं नाही. ठिपका दिसणं म्हणजे नुसतं दार उघडणं. भेट अजून व्हायची होती. आम्ही चौघं, तिघं नाशिकला आणि एक पुण्याला, वाटीकडे कान लावून बसलो. खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली आणि आजोबा दचकून उठले, ते मला दारातून दिसलं.

टण्ण.

तुमच्या आईने डोळे उघडले नाहीत. तिने फक्त इतका वेळ आखडून घेतलेले पाय लांब केले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला दाखल करून घेतलं. मला त्या रागावल्या, ते मी ऐकून घेतलं. लॅपटॉप घरीच राहिला. मनमाडची मुलगी परत येईपर्यंत सर यंत्रांजवळून हलले नाहीत, घरून डबा मागवत राहिले. मंगळवारी ती आली, बोटांना मेंदी घेऊन, आणि रात्रभर बसली. बुधवारी सकाळी तिचा फोन माझ्याकडे आला. तुमच्या आईला फोन द्यायला दवाखान्यात मनाई होती.

"काकू, ताईंना सांगा, रेघेच्या वर आहे. शंकेला जागा नाय."

"वर म्हणजे नक्की वर ना? पुन्हा सांग."

"नक्की वर, काकू. आत्ता थोड्या वेळात भांडी उघडतील. मी हॉस्टेलला निघाले, झोपायला." मग म्हणाली, "जाते, काकू."

'येते म्हण' असं मी म्हटलं नाही. "बरं," म्हटलं. आत जाऊन तिचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. तुमची आई उशीत तोंड खुपसून रडली आणि मग तिने भूक लागल्याचं सांगितलं. मोठी त्यानंतर काही दिवसांनी आली, लवकर, पण धडधाकट.

भांडी उघडली तेव्हा ते दोन आयन हवेत मिसळून गेले. ज्या अवस्था एका भांड्यातून दुसऱ्यात गेल्या, त्या तर पापणी लवायच्या आत संपलेल्या होत्या. ती खोली आता कुणाचं तरी ऑफिस आहे. तुम्ही सगळे तिकडे आहात. वाटी माझ्याकडे आहे. काठाला एक पोचा आहे, नाव अजून वाचता येतं, आणि चमचा मारला की तसाच आवाज येतो.